ये रे माझ्या मागल्या : संकेतस्थळाची पेनल्टी पुन्हा पुन्हा का उद्भवते

पुण्यातल्या लहानमोठ्या व्यावसायिकांच्या संकेतस्थळांची देखभाल करताना एक तक्रार इतक्या वेळा ऐकली आहे की ती आता मला पाठ झाली आहे. मागे गुगलची पेनल्टी लागली होती, म्हणजे शोधनिकालांत संकेतस्थळ मागे ढकलले गेले होते, कोणाला तरी पैसे मोजून ती काढून घेतली, सहा-आठ महिने सगळे सुरळीत चालले आणि आता पुन्हा चौकशीचे फोन येईनासे झाले. तक्रार करणारा बहुधा आधीच्या माणसावर चिडलेला असतो आणि नव्या माणसाकडून तेच काम, फक्त जरा ‘पक्के’, करून घ्यायच्या तयारीत असतो. माझा अनुभव असा की, पुन्हा उद्भवलेल्या या दुखण्यात बहुतेक वेळा दुसरे दुखणे पहिल्याहून वेगळे निघते, किंवा पहिले मुळात पेनल्टी नव्हतेच असे लक्षात येते. म्हणून उपाय शोधण्यापूर्वी निदानावर जास्त वेळ घालवावा, आणि या लेखातही तसाच घालवला आहे.

पेनल्टी खरोखर आहे का?

बाजारात ‘पेनल्टी’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली म्हणजे मॅन्युअल ॲक्शन. यात गुगलच्या तपासनीसाने, म्हणजे प्रत्यक्ष माणसाने, तुमचे संकेतस्थळ पाहून ते नियमांच्या बाहेर असल्याचे ठरवलेले असते. त्याची लेखी सूचना सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या मालकांसाठी गुगलने दिलेल्या साधनात, येते आणि ती उठवण्यासाठी अर्ज करता येतो. दुसरी म्हणजे गुगलच्या गणिती प्रणालीने तुमची पाने इतरांच्या मागे टाकणे. याची कोणतीही नोटीस येत नाही आणि त्यावर अर्जाची सोयही नाही. तिसऱ्या प्रकारात गुगलचा काहीच दोष नसतो. साईट हॅक झालेली असते, नवे डिझाइन चढवताना एखादी खूण चुकीची पडलेली असते, किंवा नुसता हंगाम सरलेला असतो.

पहिली शंका दोन मिनिटांत फिटते. सर्च कन्सोलच्या डाव्या पट्टीत खाली ‘सिक्युरिटी अँड मॅन्युअल ॲक्शन्स’ असे शीर्षक आहे. त्यातल्या मॅन्युअल ॲक्शन्सवर टिचकी मारल्यावर हिरवी खूण आणि कोणतीही समस्या आढळली नसल्याचे वाक्य दिसले, तर मॅन्युअल कारवाई नाही; मग ‘आमच्या आत ओळखी आहेत, पेनल्टी काढून देतो’ असे कोणी कितीही छातीठोकपणे सांगो. ॲक्शन असेल, तर तिचे नाव, ती संपूर्ण स्थळावर आहे की काही पानांवर, आणि नमुन्यादाखल काही पत्ते तिथेच दिलेले असतात. हे नाव अक्षरशः वहीत उतरवून घ्यावे. याचे महत्त्व पुढे येईल.

अडचण अशी की, सर्च कन्सोल स्वतःच्या खात्यात असलेला मालक विरळाच भेटतो. ते आधीच्या एजन्सीच्या जीमेलवर असते, एजन्सीशी बिलावरून बिनसलेले असते, आणि सूचना आलेली असली तरी ती मालकापर्यंत पोचलेलीच नसते. याला विनवण्या करण्याची गरज नाही. डोमेन तुमच्या नावावर असेल, तर ते जिथे नोंदवले आहे तिथल्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक नोंदींच्या यादीत, गुगलने दिलेली एक मजकुराची (टीएक्सटी) नोंद टाकून तुम्ही स्वतः मालक म्हणून दाखल होऊ शकता, आणि जुने संदेशही तुम्हाला वाचता येतात. डोमेनच एजन्सीच्या नावावर असेल, तर मात्र हा लेख बाजूला ठेवून आधी ते सोडवून घ्यावे. भाड्याच्या जागेत फरशी बदलण्यात अर्थ नसतो.

हंगामाला पेनल्टी समजण्याची चूक

दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणाऱ्या सदाशिव पेठेतल्या एका काकूंनी २०२३ च्या ऑक्टोबरात मला घाईने बोलावले. त्यांच्या मुलाने काढलेल्या आलेखात ऑक्टोबरमधल्या क्लिक्स मागच्या ऑक्टोबरपेक्षा निम्म्यावर आल्या होत्या. त्यातच गुगलने त्याच महिन्याच्या सुरुवातीला स्पॅम अपडेट (फसव्या पानांविरुद्धचा बदल) आणि कोअर अपडेट (क्रम ठरवणाऱ्या मुख्य प्रणालीतला बदल) अशी दोन्ही सोडली होती, त्यामुळे मुलाची खात्रीच पटली होती. “अगं, आम्ही कुणाचं काय वाकडं केलंय? चकल्या तर विकतो,” असे काकू म्हणत होत्या.

मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट दाखवले. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे ते १२ नोव्हेंबरला गेले. मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरात भरलेली सगळी मागणी यंदा १९ दिवस पुढे सरकली होती, आणि आलेख तारखेला तारीख लावून घसरण दाखवत होता. वसुबारसेपासून मागे दिवस मोजून दोन्ही वर्षे एकाखाली एक ठेवली, तेव्हा रेघा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. सर्च कन्सोल १६ महिन्यांची माहिती साठवते, त्यामुळे मागच्या सणाशी अशी तुलना करता येते. पण सण, लग्नसराई, प्रवेशाचा मोसम यांवर चालणाऱ्या धंद्यांनी ती तिथीने करावी. हीच गफलत २०२६ मध्ये पुन्हा होणार आहे, कारण त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे आणि लक्ष्मीपूजन आदल्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरला जाते.

काकूंच्या मुलाने तोवर एका माणसाला आगाऊ रक्कम देऊन ‘रिकव्हरी’ सुरू केली होती आणि त्याने चांगली चाललेली काही पाने बदलूनही टाकली होती. साप साप म्हणून भुई धोपटण्यात निदान भुईला तरी काही होत नाही. इथे मात्र ती पाने जुन्या प्रतीवरून पुन्हा चढवावी लागली.

हंगामासारखेच आणखी एक साधे कारण तपासून घ्यावे. घसरण एका दिवसात कड्यासारखी झाली असेल आणि त्याच आठवड्यात नवे डिझाइन चढले असेल, तर वर्डप्रेसच्या, म्हणजे साईट ज्यावर बांधलेली असते त्या प्रणालीच्या, रीडिंग सेटिंग्जमध्ये शोधयंत्रांना परावृत्त करणाऱ्या चौकोनात बरोबरची खूण आहे का, हे आधी पाहावे. नवी साईट तयार होत असताना ती खूण मुद्दाम केलेली असते आणि ती खरी साईट म्हणून लावताना काढायची राहून जाते.

हॅक झालेले संकेतस्थळ

स्पर्धा परीक्षेच्या एका वर्गाचे संकेतस्थळ तीनदा ‘साफ’ करून तिन्ही वेळा पुन्हा घसरले होते. मालकाच्या मते साईट अगदी व्यवस्थित होती, कारण ती उघडली की वेळापत्रक, फी, सगळे जिथल्या तिथे दिसत होते. मी गुगलच्या शोधपेटीत site असा इंग्रजी शब्द, पुढे अपूर्णविराम आणि लगेच त्यांचे डोमेन असे लिहून शोध घेतला, तर निकालांत एमपीएससीच्या पानांखाली जपानी लिपीतली, ब्रँडेड पिशव्या आणि घड्याळे विकणारी पाने रांगेने आली. त्यांवर टिचकी मारली की ‘पान सापडले नाही’ असे दिसे. पण सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये तोच पत्ता घालून गुगलला काय दिसते हे पाहिले, तर भरगच्च जपानी दुकान समोर आले. घरधन्याला एक आणि गुगलला दुसरे दाखवणे हाच या हल्ल्याचा डाव असतो, आणि म्हणून मालकाला तो महिनोन्महिने कळत नाही.

मग तीनदा साफ करूनही तो परत का येत होता? प्रत्येक वेळी जपानी पाने पुसली गेली, पण दरवाजा उघडाच राहिला. फुकटात मिळालेल्या एका पायरेटेड थीममध्ये (साईटच्या तयार डिझाइनमध्ये) मागच्या दाराची फाइल होती, सर्व्हरला नियम सांगणाऱ्या एचटीॲक्सेस फाइलमध्ये दोन परक्या ओळी होत्या, आणि सर्वांत विशेष म्हणजे सर्च कन्सोलच्या वापरकर्त्यांच्या यादीत एक अनोळखी जीमेल पत्ता चक्क मालक म्हणून नोंदलेला होता. तो पत्ता नुसता काढून चालत नाही. त्याने मालकी सिद्ध करण्यासाठी ठेवलेली फाइल किंवा खूणही शोधून काढावी लागते, नाहीतर त्याला पुन्हा दाखल होता येते. वर्डप्रेसच्या मूळ फाइली नव्याने टाकल्या, थीम विकत घेतली, होस्टिंगपासून डेटाबेसपर्यंत सगळे पासवर्ड बदलले, आणि मगच सर्च कन्सोलमधल्या सिक्युरिटी इश्यूजच्या पानावरून तपासणीची विनंती पाठवली. जपानी पत्ते निकालांतून मावळायला त्यानंतरही काही आठवडे गेले, कारण गुगलला तो प्रत्येक पत्ता पुन्हा येऊन पाहावा लागतो.

एकाच साईटला दोन वेगळ्या कारवाया

आता खऱ्या मॅन्युअल ॲक्शनकडे येऊ. घरसामान हलवून देणाऱ्या कोथरूडच्या एका व्यावसायिकाची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण पुन्हा उद्भवण्याची जवळजवळ सगळी कारणे तिच्यात एकत्र आली आहेत.

पहिल्या खेपेला त्यांच्यावरची कारवाई होती, स्थळाकडे येणाऱ्या अनैसर्गिक दुव्यांबद्दल. कोणीतरी त्यांना महिन्याला ठरावीक संख्येने बॅकलिंक, म्हणजे इतर स्थळांवरून येणारे दुवे, देणारे पॅकेज विकले होते. सर्च कन्सोलच्या लिंक्स अहवालात पाहिले, तर दुव्यावरचा मजकूर ओळीमागून ओळ ‘पॅकर्स अँड मूव्हर्स पुणे’ असा एकाच छापाचा होता, आणि दुवे येत होते ते परदेशी जुगाराच्या, केसगळतीच्या तेलाच्या आणि कोणीही न वाचणाऱ्या लेखसंग्रहांच्या स्थळांवरून. पैसे देऊन दुवे घेण्याला गुगलचा आक्षेप जुना आहे आणि तो तोंडदेखला नाही. २०१२ च्या जानेवारीत क्रोमच्या प्रचारमोहिमेत पैसे दिलेल्या लेखांतून असा दुवा गेल्याचे उघड झाले, तेव्हा गुगलने स्वतःच्याच क्रोम पानाचे मानांकन किमान ६० दिवसांसाठी खाली आणले होते. त्यावेळच्या एजन्सीने शक्य तितके दुवे काढायला लावले, उरलेल्यांची डिसअव्हाव यादी, म्हणजे ‘हे दुवे आमच्या हिशेबात धरू नका’ असे गुगलला सांगणारी फाइल, चढवली आणि कारवाई उठली. इथवरचे काम चोख झाले होते.

साधारण वर्षभराने घसरण पुन्हा झाली. “ताई, परत तीच पेनल्टी,” असे ते फोनवर म्हणाले. मधल्या काळात आलेल्या नव्या एजन्सीनेही तेच गृहीत धरले आणि नव्या संशयास्पद दुव्यांची एक छोटी यादी डिसअव्हाव साधनात चढवली. फरक पडला नाही, म्हणून आणखी एक चढवली. शेवटी मी त्यांच्यासोबत बसून सूचना उघडली, तर ती दुव्यांबद्दल नव्हतीच. ती होती जेमतेम मजकूर असलेल्या, वाचकाला नवे काही न देणाऱ्या पानांबद्दल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो सगळा प्रकार होता. सूचनेचे नाव वहीत उतरवून घ्यावे असे वर म्हटले, ते याचसाठी.

ती पाने शोधायला फार लांब जावे लागले नाही. कोथरूड, हडपसर, वाकड, औंध, धायरी, चिखली अशी प्रत्येक उपनगरासाठी एक, असे करत दीडशेच्या वर पाने एका प्लगइनने, म्हणजे साईटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमने, तयार केली होती. मूळ मजकूर कोथरूडचा लिहून पुढे फक्त गावाचे नाव बदलले होते, आणि त्यामुळे ‘म्हातोबाच्या टेकडीच्या पायथ्याशी वसलेल्या हडपसरमध्ये’ आणि पुढच्याच पानावर ‘म्हातोबाच्या टेकडीच्या पायथ्याशी वसलेल्या चिखलीमध्ये’ अशी वाक्ये झाली होती. मालकांनी ते पहिल्यांदाच वाचले. “हे लिहिलंय कुणी?” असे त्यांनी विचारले, आणि खरे उत्तर असे होते की कोणीच लिहिलेले नव्हते. अशा पानांना डोअरवे पाने म्हणतात. एकाच दुकानाला दीडशे खोटी दारे काढण्यासारखे ते आहे. २००६ मध्ये याच कारणावरून बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ गुगलने काही दिवस निकालांतून काढून टाकले होते, इतका हा नियम जुना आहे. गंमत म्हणजे ते प्लगइन पहिल्या एजन्सीने बंद करून ठेवले होते. नव्या डिझायनरला ते बंद दिसले, चुकून राहिले असेल असे समजून त्याने ते चालू केले, आणि दीडशे दारे पुन्हा उघडली.

दुसरी हानी अधिक छुपी होती. डिसअव्हाव यादी एकावर एक जमा होत नाही. नवी फाइल चढवली की जुनी पूर्णपणे जाऊन तिच्या जागी नवी बसते. नव्या एजन्सीने चढवलेल्या त्या छोट्या यादीने पहिल्या खेपेची सगळी मेहनत पुसून टाकली होती, आणि जुनी फाइल कोणाकडेच जपलेली नव्हती. ती ईमेलच्या ढिगातून शोधून काढायला मला एक अख्खी दुपार लागली. नवी यादी करताना जुनी उतरवून घेऊन तिच्यातच भर घालावी, हा नियम कधीही मोडू नये. फाइल साधी मजकुराची, यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातली असावी, २ एमबी आणि १ लाख ओळींच्या मर्यादेत असावी, आणि एकेका पानाऐवजी शक्यतो संपूर्ण डोमेनच नाकारावे. हे साधन सर्च कन्सोलमधल्या डोमेन प्रॉपर्टीवर, म्हणजे अख्ख्या डोमेनच्या एकत्रित नोंदीवर, चालत नाही, पूर्ण पत्त्याची प्रॉपर्टी वेगळी जोडावी लागते, आणि ‘इथे पर्यायच दिसत नाही’ या तक्रारीचे कारण बहुधा तेच असते. एवढे सांगून झाल्यावर हेही नोंदवते की, दुव्यांबद्दलची मॅन्युअल ॲक्शन नसेल आणि ती येण्यासारखे विकतचे दुवेही तुम्ही घेतलेले नसतील, तर या साधनाला हात लावू नये. फालतू दुव्यांकडे दुर्लक्ष करण्याचे काम गुगल स्वतःच करते, आणि घाबरून केलेल्या यादीत चांगले दुवेही नाकारले जातात.

पानांची सफाई अर्धवट चालत नाही, कारण काही पाने सुधारली म्हणून कारवाई काही अंशी उठते असे होत नाही. आम्ही दीडशे पाने काढली, प्लगइन नुसते बंद न करता उखडले, साइटमॅप (गुगलसाठीची पानांची यादी) नव्याने बनवला आणि काढलेल्या पत्त्यांना मुख्य पानाकडे न वळवता ‘कायमचे काढले’ असा ४१० चा प्रतिसाद दिला. सगळी पाने मुख्य पानावर वळवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मला पटत नाही. हडपसरचे दर शोधत आलेल्या माणसाला मुख्य पानावर आणून सोडल्याने त्याचे काहीच काम होत नाही. राहिलेल्या सहा पानांत मात्र खरी माहिती घातली : कोणत्या भागात टेम्पो किती लांब उभा करावा लागतो, सोसायट्या सामान हलवायला कोणत्या वेळा देतात, पेठांतल्या वाड्यांच्या जिन्यातून कपाट उतरवायचे तर ते कसे खोलावे लागते. हे सगळे मालकांना तोंडपाठ होते. ते लिहून ठेवावे असे त्यांना कोणी सुचवलेच नव्हते.

अर्ज कसा लिहावा

पुनर्विचाराच्या विनंतीचा त्यांचा पहिला मसुदा दयेच्या अर्जासारखा होता. धंदा वडिलांपासूनचा, कामगारांची कुटुंबे यावर अवलंबून, कृपया सहानुभूतीने पाहावे. वाचून वाईट वाटले, पण तपासनीसाला यातले काहीच पडताळता येत नाही. गुगलला विनंतीत तीन गोष्टी हव्या असतात : चूक नेमकी काय होती, ती दूर करण्यासाठी काय केले, आणि त्याचा परिणाम काय दिसतो. आम्ही लिहिले की उपनगरांच्या नावांनी आपोआप बनवलेली पाने आमच्या स्थळावर होती, ती कोणत्या प्लगइनने बनवली, किती काढली, कोणती ठेवली आणि का ठेवली, काढलेल्या पत्त्यांची यादी कोणत्या शीटमध्ये आहे, आणि यापुढे स्थळावर पाने चढवण्याचा अधिकार कोणाकडे राहील. आधीच्या एजन्सीवर ठपका ठेवणारे वाक्य मी खोडले. ते खरे होते, पण मालकाच्या स्थळाला मालकच जबाबदार असतो.

उत्तराला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात आणि दुव्यांच्या प्रकरणात त्याहूनही जास्त. तोवर दुसरी विनंती पाठवू नये. आणि कारवाई उठली म्हणजे जुना क्रमांक परत मिळाला, असेही नाही. विकतच्या दुव्यांच्या टेकूवर मिळालेला क्रमांक टेकू काढल्यावर राहणार नाही, हे मालकाला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर तोच माणूस तीन महिन्यांनी पुन्हा पॅकेज घेतो.

नोटीस नाही, तरीही घसरण

मॅन्युअल ॲक्शन नाही, हॅक नाही, हंगामही जुळतो आणि तरी पाने मागे पडली असतील, तर गुगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर त्या दिवसांत कोणते अपडेट चालू होते ते पाहावे. २०११ मधल्या पांडा या अपडेटने निकृष्ट मजकुराला आणि २०१२ मधल्या पेंग्विन या अपडेटने बनावट दुव्यांना लक्ष्य केले, तेव्हा पुढचे अपडेट येईपर्यंत ताटकळावे लागत असे. पेंग्विन २०१६ पासून सततच्या प्रणालीत आला. २०२२ मध्ये आलेली उपयुक्त मजकुराची कसोटी २०२४ च्या मार्चमध्ये मुख्य प्रणालीत मिसळली, आणि त्याच वेळी यंत्राने घाऊक मजकूर पाडण्याविरुद्धचे नियमही कडक झाले. कोअर अपडेटने बसलेला फटका भरून यायला पुढचे कोअर अपडेटही लागू शकते. अशा वेळी अर्ज करून उपयोग नाही, आणि दर आठवड्याला शीर्षके बदलूनही नाही. ज्या पानांवरची घसरण सर्वांत मोठी आहे ती दहा पाने घ्यावीत, त्यांच्या पुढे गेलेली पाने उघडून शांतपणे वाचावीत आणि त्यांत असे काय आहे जे आपल्याकडे नाही, ते लिहून काढावे. हे काम कंटाळवाणे आहे. म्हणूनच ते कोणी पॅकेजमध्ये विकत नाही.

कोथरूडच्या त्या व्यावसायिकांच्या विनंतीला उत्तर आले आणि कारवाई उठली. त्यानंतर त्यांनी एक गोष्ट केली, जी मी सुचवलेली नव्हती. डिसअव्हावची संपूर्ण यादी, दोन्ही सूचनांच्या प्रती आणि डोमेनच्या नोंदणीचा कागद छापून त्यांनी शॉप ॲक्ट आणि जीएसटीच्या फाइलीत लावला. नवा वेबसाइटवाला आला की ते आधी ती फाइल त्याच्यासमोर ठेवतात आणि वाचून झाल्यावर त्याची सही घेतात.